संत्रा-लिंबाचा फसफसता वाइन पंच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाताळ, ३१ डिसेंबर, वाढदिवस किंवा गच्चीवरचं स्नेहसंमेलन असलं की पंचाची, म्हणजे वाइन, फळांचा रस आणि सोडा एकत्र करून केलेल्या गार पेयाची, आठवण होते. कृती अवघड नाही, पण चव आणि फसफस हातची जाण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. इथली मापं नाशिकच्या ब्रूट (कमी गोड) स्पार्कलिंग, म्हणजे फसफसत्या, वाइनला आणि नागपुरी संत्र्याला धरून दिली आहेत. तापमानं सेल्सिअसमध्ये आहेत.

मूळ कृती आणि प्रमाण काय?

१२ ते १५ जणांसाठी, म्हणजे १५० मिलीचे साधारण २७-२८ ग्लास:

- ब्रूट स्पार्कलिंग वाइन: ७५० मिलीच्या २ बाटल्या
- साधी व्हाइट वाइन (चेनिन ब्लाँ उत्तम): ७५० मिलीची १ बाटली
- संत्र्याचा ताजा, गाळलेला रस: ६०० मिली (सुमारे दीड किलो संत्री)
- कागदी लिंबाचा रस: १०० मिली (६ ते ८ लिंबं)
- साखर: १५० ग्रॅम
- ४ संत्री आणि ४ लिंबांच्या साली, पांढरा भाग काढून
- थंडगार सोडा: ६०० मिली
- मीठ: एक चिमूट
- वरून किसायला जायफळ
- सुमारे १ लिटर पाण्याचा एकसंध बर्फ

आदल्या रात्री साली साखरेत चोळून झाकून ठेवा. सकाळी त्यावर १५० मिली गरम पाणी ओता, साखर पूर्ण विरघळू द्या, गाळा. या पाकात लिंबाचा रस आणि मीठ घालून फ्रिजमध्ये ठेवा. पाहुणे यायच्या तासभर आधी संत्र्याचा रस काढून गाळा आणि पाक, रस, साधी वाइन एकत्र करून पुन्हा फ्रिजमध्ये ठेवा. यालाच पुढे ‘बेस’ म्हटलं आहे. वाढायच्या वेळी भांड्यात बर्फाची लादी ठेवा, बेस ओता, मग स्पार्कलिंग वाइन आणि सोडा भांड्याच्या कडेने हळू सोडा. ओगराळ्याने तळापासून दोनदा वर उचलून मिसळा. त्याहून जास्त ढवळू नका.

साली साखरेत रात्रभर ठेवायची खरंच गरज आहे का? नुसता रस चालणार नाही?

चालेल, पण तो वाइन घातलेला सरबत होईल. संत्र्याचा वास रसात थोडा आणि सालीत भरपूर असतो. सालीवर बारीक ठिपके दिसतात, त्या तेलाच्या पिशव्या. साखर सालीतला ओलावा ओढते आणि त्याबरोबर हे तेलही बाहेर येतं. रात्रभरात साली आक्रसून चिवट होतात आणि भांड्याच्या तळाशी पिवळसर, चकचकीत पाक जमतो. थंड पेयात वास दबतो, त्यामुळे हे तेल नसेल तर बर्फाइतक्या गार पंचात संत्रं जवळजवळ कळतच नाही. घाई असेल तर साली साखरेत खलबत्त्यात हलक्या हाताने ठेचा आणि निदान दोन तास ठेवा.

नागपुरी संत्र्याची साल सैल असते, त्यामुळे सोलाणं नीट चालत नाही. साल आधी हाताने काढा, उलटी करून पाटावर ठेवा आणि चमच्याच्या धारेने आतला पांढरा भाग खरवडा. लिंबाची साल मात्र फळ अख्खं असतानाच सोलाण्याने अगदी पातळ काढावी, रस नंतर. फळांवर मेणाचा थर असू शकतो. कोमट पाण्यात थोडा खाण्याचा सोडा घालून मऊ ब्रशने घासून घ्या आणि कोरडी करा.

संत्री कोणत्या हंगामातली घ्यावी?

विदर्भात संत्र्याचे दोन मुख्य बहार येतात. आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत बाजारात असतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. वर्षअखेरच्या पंचाला आंबिया बहार आपसूकच सापडतो. या फळांची साल कधी हिरवट दिसते, पण आत ती पिकलेली असू शकतात, म्हणून रंगावर जाऊ नका. हातात घेतल्यावर जड लागणारं फळ निवडा. हलकं आणि फुगलेलं असेल तर त्यात रस कमी निघतो.

रस काढला तेव्हा गोड होता, पंच कडू का झाला?

या पानावर सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि दोष बहुतेक वेळा वाइनवर ढकलला जातो. संत्री आणि मोसंबीच्या बियांत व फोडींच्या पापुद्र्यात एक बेचव द्रव्य असतं. रस काढताना ते आंबट रसात मिसळतं आणि हळूहळू त्याचं लिमोनिन नावाच्या कडू द्रव्यात रूपांतर होतं. यातली अडचण अशी की हे लगेच होत नाही. रस काढताना चाखाल तर मधुर लागतो, दोन-तीन तासांनी जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा येतो आणि दुसऱ्या दिवशी तर रस तोंडात धरवत नाही. मोसंबीचा रस लगेच प्यायला सांगतात तो याचसाठी.

त्यावर उपाय असे. फोडी मिक्सरमध्ये फिरवू नका, बिया आणि पापुद्रे चिरडले की कडूपणाला आमंत्रणच. हाताच्या यंत्राने किंवा काचेच्या लिंबूपिळ्यावर हलका दाब देऊन रस काढा, शेवटचा थेंब काढायच्या मागे लागू नका. रस लगेच बारीक गाळणीतून गाळा, शक्य असेल तर मलमलच्या फडक्यातूनही. आणि बाकी सगळं आदल्या दिवशी झालं तरी संत्र्याचा रस ऐनवेळीच काढा.

कडूपणाचं दुसरं कारण म्हणजे सालीबरोबर गेलेला पांढरा भाग, किंवा भांड्यात तासन्‌तास तरंगणाऱ्या लिंबाच्या चकत्या. सजावटीच्या चकत्या भांड्यात न टाकता ग्लासात द्या.

वाइन कोणती घ्यावी? महागडी शॅम्पेन वापरू का?

नको. रस, साखर आणि बर्फ पडल्यावर शॅम्पेनचे बारकावे उरत नाहीत, ती नुसतीच प्यावी. नाशिकची सुला ब्रूट, दिंडोरीत तयार होणारी शँडन ब्रूट किंवा यॉर्कची स्पार्कलिंग, यांतली कोणतीही या पंचाला पुरेशी चांगली आहे. परदेशातल्या वाचकांना कावा (स्पेनची) किंवा प्रोसेको (इटलीची) ही स्पार्कलिंग वाइन सहज मिळेल.

लेबलवर ‘ब्रूट’ शब्द बघा. ब्रूट म्हणजे लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर. ‘एक्स्ट्रा ड्राय’ नावाने फसू नका, तिच्यात १२ ते १७ ग्रॅम असते, म्हणजे ती ब्रूटपेक्षा गोड. ‘डेमी सेक’मध्ये ३२ ते ५० ग्रॅम असते. तीच हाताशी असेल तर पाकाची साखर १५० वरून १०० ग्रॅमवर आणा.

साध्या वाइनसाठी चेनिन ब्लाँ सुचवण्याचं कारण तिची फळांची चव आणि नरम आंबटपणा. सोव्हिनियों ब्लाँही चालते, पंच थोडा जास्त चुणचुणीत होतो. ओकच्या पिंपात मुरलेली शार्डने टाळा, लाकडाची चव संत्र्याशी भांडते.

तिन्ही बाटल्या स्पार्कलिंगच्या घेतल्या तर? चालेल, फसफस वाढेल आणि खर्चही. मग सोडा निम्मा करा. उलट, एकही स्पार्कलिंग न घेता फक्त सोड्यावर भागवलं तर बुडबुडे मोठे आणि उथळ येतात, आणि पंच पाणचट लागतो.

फसफस अर्ध्या तासात का जाते?

तीन कारणं. पहिलं उष्णता. ५ अंशांच्या पाण्यात जेवढा कार्बन डायऑक्साइड विरघळतो, त्याच्या साधारण निम्माच २५ अंशांच्या पाण्यात मावतो. गार वाइन कोमट बेसवर ओतली की वायू उरलेला वेळ निघून जाण्यातच घालवतो. म्हणून बेस, बाटल्या, सोडा आणि रिकामं भांडंसुद्धा गार हवं. नुसत्या बर्फावर विसंबू नका. बर्फाचं काम गार ठेवणं आहे, गार करणं नव्हे.

दुसरं कारण चोथा. न विरघळलेला साखरेचा कण, रसातला गर, पुदिन्याचं पान, या प्रत्येकाच्या खडबडीत पृष्ठभागावर बुडबुडे तयार होतात. फसफसत्या वाइनमध्ये चमचाभर कोरडी साखर टाकून बघा, फेस भांड्याबाहेर येतो आणि मिनिटभरात वाइन मरगळते. ऐनवेळी गोडी वाढवायची असेल तर पाकच घाला.

तिसरं कारण हात. प्रत्येक पाहुणा ओगराळं फिरवून घेतो आणि दर फेरीला वायू उडतो. वाढायला एकाच माणसाला बसवा.

खरा तोडगा म्हणजे सगळा पंच एकदम बनवू नका. अर्धा बेस, एक स्पार्कलिंग बाटली, अर्धा सोडा एवढंच भांड्यात घाला, उरलेलं फ्रिजमध्ये असू द्या. भांडं तळाशी आलं की दुसरी फेरी. शेवटच्या पाहुण्यालाही मग तोच पंच मिळतो जो पहिल्याला मिळाला.

बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायला जागा नाही. पटकन गार कशा करायच्या?

फ्रिजमध्ये तीन-चार तास लागतात. बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि दोन मुठी मीठ घालून बाटल्या मानेपर्यंत बुडवल्या तर २५-३० मिनिटांत काम होतं. पाणी हवंच, नुसत्या बर्फाचे खडे बाटलीला जेमतेम टेकतात. फ्रीझरमध्ये ठेवून विसरू नका. वाइन गोठताना फुगते, आणि आत आधीच चारचाकीच्या टायरपेक्षा जास्त दाब असतो.

बर्फ कसा करावा? बाहेरची लादी आणली तर?

खडे लवकर विरघळतात. तेवढ्याच पाण्याची एक मोठी लादी हळू वितळते कारण तिचा हवेशी आणि पेयाशी संपर्क कमी. लिटरभराच्या आइस्क्रीमच्या डब्यात उकळून गार केलेलं पाणी ओतून २४ तास फ्रीझरमध्ये ठेवा. काढताना डबा बाहेरून नळाखाली धरा. मूळ मापात वितळणाऱ्या बर्फाचं ३००-४०० मिली पाणी धरलेलं आहे, म्हणून बेस चाखताना थोडा तीव्र लागणं बरोबरच आहे. तेव्हाच पाणी घालून सौम्य केलात तर पुढे फिका पडेल.

बाजारातली लादी बहुतेकदा मासळी किंवा माल टिकवण्यासाठी केलेली असते. महाराष्ट्रात अखाद्य बर्फ ओळखू यावा म्हणून त्याला निळा रंग घालायचा नियम आहे, पण पांढरा दिसला म्हणून तो खाण्याचा असतो असं नाही. विकत घ्यायचाच तर खाद्य बर्फाची बंद पिशवी घ्या. बाहेरून बादली गार करायला लादी खुशाल वापरा.

पितळी घंगाळात पंच छान दिसतो. वापरावं का?

कृपया नको. लिंबू, संत्रं आणि वाइन तिन्ही आंबट. आम्लाने पितळेतलं आणि तांब्यातलं तांबं पेयात उतरतं, चव धातूसारखी होते आणि पोट बिघडू शकतं. कल्हई असली तरी तासन्‌तास आंबट पेय ठेवण्याइतकी ती भरवशाची नसते. ॲल्युमिनियमचं पातेलंही नको. काच किंवा चांगलं स्टील घ्या. घंगाळाची शोभा हवीच असेल तर त्यात बर्फ भरा आणि मधोमध काचेचं भांडं बसवा. पंच गार राहतो तो वेगळाच फायदा.

ब्रँडी किंवा जिन घालावी का? आणि हा पंच कितपत चढतो?

वर दिलेल्या मापात, बर्फ वितळलेला धरून, अल्कोहोल साडेसहा टक्क्यांच्या आसपास येतं. १५० मिलीच्या एका ग्लासात साधारण ८ ग्रॅम, म्हणजे ३० मिलीच्या एका छोट्या पेगच्या पाऊणपट. जिभेला मात्र तो संत्र्याचा सरबत वाटतो आणि लोक पाण्यासारखा पितात. चार ग्लास म्हणजे तीन छोटे पेग, हे पाहुण्यांना आधी सांगा.

आमचं मत, मद्य वाढवू नये. तरीही घालायचं असेल तर संपूर्ण मापाला १५० मिली जिन किंवा ब्रँडी ही कमाल मर्यादा, त्याने पंच आठ टक्क्यांवर जातो. ब्रँडीने संत्र्याला उबदार गोडवा येतो, जिनने साल अधिक जाणवते. व्हिस्की आणि गडद रम लिंबावर मात करतात.

वाहन चालवणाऱ्याला हा पंच देऊच नका. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि ती ओलांडायला फार ग्लास लागत नाहीत. सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा लॉनवर कार्यक्रम असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना आधी काढा.

उन्हाळ्यात संत्री नसतात आणि लिंबं महाग असतात. तेव्हा?

जालना-संभाजीनगर भागातली मोसंबी घ्या. तिच्यात आंबटपणा कमी, म्हणून साखर १५० वरून ११०-१२० ग्रॅम करा आणि लिंबाचा रस १२० मिली. कडूपणाचा धोका मोसंबीत संत्र्यापेक्षा जास्त, म्हणून रस अगदी वाढायच्या आधी काढा.

लिंबं परवडत नसतील तर लिंबूसत्व चालतं. ६ ग्रॅम लिंबूसत्व १०० मिली पाण्यात विरघळवलं की लिंबाच्या रसाइतकाच आंबटपणा मिळतो. वास मात्र मिळत नाही, म्हणून दोन-तीन लिंबांची साल तरी पाकात असू द्या.

कोकणात आणि गोव्यात पपनस मिळतं. त्याच्या गराचा रस या पंचात सुरेख लागतो, फक्त प्रत्येक फोडीचं जाड कातडं काढावं लागतं. कोलेस्टेरॉलच्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांवर पपनसाचा परिणाम होतो. असा पंच ठेवणार असाल तर त्यात पपनस असल्याचं पाहुण्यांना सांगा.

जायफळ कशाला?

पंचात जायफळ ही जुनी रीत आहे. सतराव्या शतकात सुरत आणि गोव्याच्या बंदरांत युरोपीय खलाशी इथला अरक (देशी मद्य), लिंबू, साखर, पाणी आणि मसाला एकत्र करून पीत, तिथून पंच जगभर गेला. चव बघायची तर भांड्यात न घालता ग्लासावर दोन-तीन वेळाच किसा. जास्त झालं तर श्रीखंडाची आठवण होईल.

चव बिघडली तर सावरता येते का?

बऱ्याचदा येते.

फार गोड: लिंबाचा रस एका वेळी १५ मिली. सोडा घालून गोडी कमी करू नका, सगळंच फिकं होतं.

फार आंबट: पाक, एका वेळी दोन मोठे चमचे. यासाठी सुरुवातीलाच थोडा साधा पाक करून बाजूला ठेवा.

किंचित कडवट: चिमूटभर मीठ. मिठाने कडूपणा जिभेला कमी जाणवतो. कडूपणा जास्त असेल तर मात्र काही उपाय नाही, उरलेल्या बेसमध्ये ताजा रस वाढवून पुढची फेरी सुधारा.

फिका आणि गळाठलेला: राखून ठेवलेला बेस आणि थोडी नवी स्पार्कलिंग. म्हणूनच सगळं एकदम ओतू नका असं वर सांगितलं.

बूच उडवण्याचा धसका वाटतो. कसं काढावं?

बाटली पूर्ण गार हवी, गरम बाटलीच उसळते. वरचा कागद काढा, बुचावर अंगठा दाबून ठेवा आणि तारेची कडी सहा अर्धे वेढे देऊन सैल करा. अंगठा हलवू नका, तार बुचावरच राहू द्या. बाटली ४५ अंशांत तिरकी, तोंड माणसांपासून आणि दिव्यांपासून दूर. आता बूच घट्ट धरून खालची बाटली फिरवा. ‘फस्स’ असा हलका आवाज आला की काम नीट झालं. मोठा बार म्हणजे वाया गेलेला वायू, आणि पंचाला तो हवा आहे.

मुलांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी काय?

साधी वाइन घालण्याआधीच पाक-रसाचा एक भाग वेगळा काढा. २०० मिली मिश्रणाला ४०० मिली गार सोडा पुरतो. भांडं निराळ्या आकाराचं घ्या, दुसऱ्या टेबलावर ठेवा आणि त्यात डाळिंबाचे दाणे टाका. रंग आणि जागा दोन्ही वेगळी असली की मुलांचा चुकून हात जात नाही. फक्त चिठ्ठी लावणं पुरत नाही, वाचता न येणारी मुलंही कार्यक्रमात असतात.

तीस-चाळीस जण असतील तर हिशोब कसा?

पहिल्या तासाला माणशी दोन ग्लास, पुढच्या प्रत्येक तासाला एक. तीस जण, तीन तास म्हणजे १२० ग्लास, त्यातले एक तृतीयांश लोक न पिणारे धरा, उरतात ८०. मूळ मापाच्या तिप्पट घ्या. साली मात्र सरळ तिप्पट करू नका, १० संत्री आणि १० लिंबांच्या पुरतात. माणशी निदान दोन ग्लास साधं पाणी त्याच टेबलावर ठेवा. बरोबर खारट-तळलेलं जातं: कोथिंबीर वडी, तळलेली मांदेली, खारे काजू. गोडाधोडाबरोबर पंच आंबट लागतो.

पॅकबंद रस वापरला तर?

साखर घातलेला असेल तर पंच ज्यूससारखा होतो. बिनसाखरेचा चालेल, पण गाळून घ्या आणि साली अजिबात वगळू नका, सगळा वास तिथूनच येणार आहे.

उरलेल्या पंचाचं काय करावं?

फसफस टिकवायच्या खटाटोपात पडू नका. गाळून झाकणाच्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवा, त्यानंतर कडूपणा वाढत जातो. पसरट डब्यात फ्रीझरमध्ये ठेवून दर तासाला काट्याने खरवडलात तर भुसभुशीत बर्फगोळा तयार होतो. साखर आणि अल्कोहोलमुळे तो दगडासारखा घट्ट होत नाही. पाकातून निघालेल्या साली टाकू नका. मंद आचेवर साखरेत परतून वाळवल्या की महिनाभर टिकतात, केकमध्ये आणि शिऱ्यात चांगल्या लागतात.